शेपटीचं पांढरं टोक

तुई आधी ऐकू येते, मग दिसते. साधा कंठवाला पोपट कर्कश ओरडत जातो, त्याच्याकडे लक्ष जाणारच. तुईचा आवाज बारीक, गोड, आणि काहीतरी विचारल्यासारखा शेवटी वर चढणारा. तुई? तुई? आवाज कानावर पडून मान वर करेपर्यंत दहा-बारा पाखरं बाणासारखी डोक्यावरून निघून गेलेली असतात. पुस्तकात त्याला ‘तुईया पोपट’ म्हणतात. आमच्या घरी, रोह्याकडच्या डोंगराच्या कुशीत, ती नुसती तुई.

मी आरोग्यसेविका आहे. बावीस वर्षं झाली. उपकेंद्रापासून सगळ्यात लांबची वाडी चार किलोमीटरवर, आणि पावसाळा सोडला तर मी ती वाट चालतच जाते. खांद्याला लसींचा डबा, हातात रजिस्टर. लोकांना वाटतं मी रस्ता बघत चालते. मी सावरी बघत चालते, काटेसावरीची झाडं. ओढ्याच्या अलीकडे एक, चढणीवर तीन, पाण्याच्या टाकीजवळ एक खूप म्हातारी, जिच्या बुंध्यावरचे काटेसुद्धा झिजून गेलेत. नोकरीला लागले तेव्हा या वाटेवर चौदा सावरी होत्या. आज नऊ आहेत. हा आकडा मी कुणी सांगितला म्हणून मोजत नाही. त्यामागे एक जुनं देणं आहे, ते आधी सांगते.

मी चौथीत होते. शिमगा होता. आमच्याकडे होळी उभी करायला रानातून सरळसोट झाड आणतात, आणि ते बहुतेक वेळा सावरीचं असतं. सावर मऊ, तोडायला सोपी, उंच वाढते, आणि बापजाद्यांपासून तीच चालत आलीय. गावातले तरणे पोर रानात जातात, झाड पाडतात आणि ओरडत, गाणी म्हणत खांद्यावरून आणतात. आम्ही पोरं मागून धावायचो. त्या वर्षी सरळ झाड जवळपास मिळालं नाही म्हणून बाबा आणि इतरांनी एक जुनी सावर पाडली. पडताना ती एका फांदीच्या बेचक्यात चिरली. चिरलेल्या जागी ढोली होती.

आत चार पिल्लं होती. अंगावर पिसांच्या नुसत्या नळ्या फुटलेल्या. तीन जागच्या जागी गेली. चौथं बाबांनी टोपीत घालून घरी आणलं. वर आकाशात दोन तुया गोल गोल फिरत ओरडत होत्या, ते मला आजही ऐकू येतं. होळी संध्याकाळी उभी राहिली, रात्री पेटली. मी मात्र पडवीत आजीच्या मांडीशी बसून होते, आणि आजी भिजवलेल्या डाळीचं पीठ काडीच्या टोकाने त्या पिल्लाच्या चोचीत घालत होती.

पिल्लू जगलं. पिसं आली तेव्हा डोकं हिरवट होतं, पुढे थोडं राखाडी झालं. आजी म्हणाली मादी आहे, आणि नाव ठेवलं मैनी. तारेचा पिंजरा आला, तो पडवीच्या वाशाला टांगला. हिरवी मिरची, भिजवलेले दाणे, पेरूची फोड, भाताच्या लोंब्या. आम्हाला वाटायचं आम्ही तिला किती सुखात ठेवलंय. त्या काळात पोपट पाळण्यात काही गैर आहे असं आमच्या गावात कुणाच्या मनातही येत नव्हतं. मीही कुणाला दोष देत नाही. आजीने तिला स्वतःच्या घासातला घास दिला होता.

तिसऱ्या थंडीत एक दिवस कपाळावर लाल ठिपका दिसला. मला वाटलं जखम झाली. दोन-तीन आठवड्यांत तो पसरला, गालांपर्यंत आला, मानेकडे जांभळा होत गेला, आणि मग गळ्याभोवती काळी बारीक रेघ उमटली. आमची मैनी नर होती. तुईच्या नराला हे डोकं जन्मतः मिळत नाही. लहानपणी नर-मादी सारखेच दिसतात आणि तो रंग यायला दोन-अडीच वर्षं लागतात. पिकलेल्या जांभळावर हलकी निळी झाक असते तशी झाक त्या लालीवर असते. सकाळच्या तिरप्या उन्हात डोकं गुलाबी दिसे, सावलीत जांभळं. शेजारपाजारचे बघायला यायचे. नाव मात्र मैनीच राहिलं.

रंगाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पोपटाच्या पिसात हिरवा रंग असा वेगळा नसतोच. पिसाच्या आतली रचना उजेडातला निळा भाग परत फेकते, त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. लाल-पिवळी रंगद्रव्यं पोपट स्वतःच्या अंगात तयार करतात. इतर बरेच पक्षी आपला लाल-पिवळा रंग खाण्यातून मिळवतात, पोपटांचं तसं नाही. म्हणूनच पिंजऱ्यात, भात-मिरचीवर वाढलेल्या मैनीलाही ते राजस डोकं आलं. मला तेव्हा वाटलं होतं की ती आमच्याकडे खूश आहे म्हणून तो रंग आला. तसं नव्हतं. रंग तिच्या रक्तात होता, तो येणारच होता.

शेपटी मात्र कधीच आली नाही. तुई चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम तेहतीस-पस्तीस सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत, आणि त्या लांबीतली निम्म्याहून जास्त शेपटीच. मधली पिसं निळी, लांब, आणि टोकाला पांढरी. थवा झाडावर उतरताना शेपट्या पसरतात आणि ती पांढरी टोकं एकदम उजळतात. साध्या पोपटात हे नाही. लांबून तुई ओळखायची माझी पहिली खूण तीच. मैनीच्या पिंजऱ्याची रुंदी वीतभर. शेपटी तारेला घासून घासून कायम झिजलेली, बुटकी, काडीसारखी. सात वर्षांत त्या शेपटीला पांढरं टोक मी एकदाही पाहिलं नाही.

ऑक्टोबरमध्ये भात पिकायला लागला की रानातल्या तुया शेतात उतरायच्या. त्यांचा आवाज आला की मैनी पिंजऱ्याच्या तारेवर चढून छताला लागायची आणि उत्तर द्यायची. थवा पुढे जायचा. ती कितीतरी वेळ तशीच लटकून ओरडत राहायची. सातवीत असताना मी एकदा न सांगता पिंजऱ्याचं दार उघडलं. ती बाहेर आली, पिंजऱ्यावर बसली, अंगणात पसरलेलं मोकळेपण बघून घाबरली आणि परत आत गेली. आजी म्हणाली, “तिला रान ठावं नाही गो. तिला कुणी शिकवलंच नाही.” बरोबर होतं तिचं. कोणत्या झाडाला कधी फूल येतं, ससाणा दिसला की काय करायचं, रात्री कुठे झोपायचं, हे पिल्लू आईबापांमागे, थव्यामागे उडत शिकतं. हाताने वाढवलेला पोपट एके दिवशी उगाच आकाशात सोडला तर बहुतेक वेळा तो मरतो. मी बारावीत असताना जुलैच्या एका सकाळी मैनी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली सापडली. आम्ही तिला परसात पुरलं.

नोकरीनिमित्त रोज रानातून चालायला लागले तेव्हा मी तुई पहिल्यांदा नीट पाहिली. सात वर्षं घरात पोपट होता आणि मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

मादी वेगळी असते. तिचं डोकं राखाडी-निळं, गळ्याभोवती काळ्या रेघेऐवजी पिवळसर पट्टा. नराच्या खांद्यावर गडद लाल डाग असतो, तो तिला नसतो. शास्त्रीय नावात ‘सायनोसेफाला’ असा शब्द आहे, म्हणजे निळ्या डोक्याचा. हे नाव लिनियसने १७६६ मध्ये दिलं. नराचं डोकं पाहिलेल्या माणसाला ते नाव अपुरं वाटतं, पण मादीला चपखल बसतं. भारत, श्रीलंका आणि आजूबाजूचा प्रदेश सोडला तर जगात कुठेच ही तुई मुळात राहत नाही. ईशान्येकडे हिची जवळची बहीण आहे, गुलाबी डोक्याची, पण ती वेगळी जात.

डिसेंबर उजाडला की जोड्या ढोल्या शोधू लागतात. तुई स्वतः लाकूड पोखरू शकते, पण बहुतेकदा तांबटाने किंवा सुताराने केलेलं भोक आयतं घेते आणि मोठं करते. सावर, पांगारा, वठलेला आंबा, जिथे लाकूड मऊ झालंय तिथे. आत गवत नाही, कापूस नाही, नुसता भुसा. चार ते सहा पांढरी अंडी. अंधारात राहणाऱ्या अंड्यांना ठिपके लागत नाहीत, त्यांना कुणापासून लपायचं नसतं. एकटी मादी उबवते, तीन आठवडे, आणि त्या दिवसांत नर तिला आणून भरवतो. मग पिल्लं सहा-सात आठवडे आत. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तिन्ही महिने ढोली भरलेली.

आणि हेच महिने सावर फुलण्याचे. पानं एकही नाही, सगळ्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुलं. पहाटे त्या झाडावर बाजार भरतो. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, खारी. तुया पाकळ्या तोडून खातात, फुलातला मध चाटतात. पळस आणि पांगाराही तेव्हाच फुलतात. हा काळ रानात दाण्याचा नसतो, भात कापून झालेला असतो, पण पिल्लांना भरवायला फुलं असतात. एका झाडाने घरही दिलं आणि चूलही पेटवली, असं मला तिच्याकडे बघून वाटतं.

याच महिन्यांत शिमगा येतो.

मी होळीच्या विरोधात नाही. माझं माहेर तिथलंच, सासर शेजारच्या गावचं, होळीभोवती मीही नारळ घेऊन फिरते. पण जुन्या लोकांना विचारलं तर तेही सांगतात की पूर्वी होळीला तरणं, सरळ झाड लागायचं, आणि ते गावच्या वरकस जमिनीत, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, ढिगाने होतं. ढोलीवालं वाकडं म्हातारं झाड होळीला कुणी घेतच नसे. आता वरकस विकली गेली. माझ्या वाटेवरच्या चढणीला एका हिवाळ्यात चुन्याच्या रेषा पडल्या, मग जेसीबी आला, आणि दोन सावरी, एक पांगारा आणि करवंदाची सगळी जाळी दोन दिवसांत सपाट झाली. तिथे आता कुंपण आहे आणि आत शोभेची ताडं लावलीत. त्या ताडांवर मी अजून एकही तुई बसलेली पाहिली नाही. सरळ झाडं अशी संपली आणि पोरं जुन्या झाडांकडे वळली.

कायद्याचं म्हणाल तर १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात काही झाडं अनुसूचित आहेत. आंबा, हिरडा, ऐन, जांभूळ, फणस वगैरे तोडायला परवानगी लागते. सावर त्या यादीत नाही. किमतीचं लाकूड नाही तिचं. पक्ष्यांच्या बाजूने बघितलं तर मला तिच्याइतकं मोलाचं झाड दुसरं दिसत नाही, विशेषतः म्हातारी, अर्धी वठलेली सावर. लोक म्हणतात, झाड मेलंय, पाडून टाका. मेलेल्या फांदीतच तर ढोली होते.

पोपटासाठीचा कायदा मात्र पक्का आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तुईलाही लागू आहे, कंठवाल्या पोपटालाही आणि मोठ्या चोचीच्या करण पोपटालाही. १९९०-९१ पासून आपल्या रानातल्या पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. २०२२ मध्ये कायदा सुधारला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. आता तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोकांचा गोंधळ होतो तो दुकानातल्या पक्ष्यांमुळे. तिथे रंगीत बजरीगर उघड विकायला असतात, मग आपला पोपट का नाही, असं विचारतात. बजरीगर ऑस्ट्रेलियाचे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवलेले. आपल्या पोपटांची पिल्लं अजूनही ढोलीतून काढूनच बाजारात येतात. एक पिल्लू काढायला हात जात नसेल तर चोर ढोलीचं तोंड कोयत्याने फोडतो, आणि मग त्या ढोलीत पुन्हा कुणी घर करत नाही. विकत घेणाऱ्याला एक पिल्लू दिसतं. पुढच्या दहा वर्षांची पिल्लं त्याच्याबरोबर गेलेली असतात, ती त्याला दिसत नाहीत.

धोक्यातल्या प्राणी-पक्ष्यांच्या जागतिक (आययूसीएन) यादीत तुई आज ‘चिंता नाही’ अशा गटात आहे, पण तिची संख्या घटते आहे असंही त्याच यादीत नोंदलेलं आहे. लोक पहिला भाग वाचून थांबतात.

चार वर्षांपूर्वी एका घरी बाळाला डोस द्यायला गेले. दारात पिंजरा, आत हिरव्या डोक्याचं पिल्लू, शेपूट अजून आखूड. घरच्या बाईने कौतुकाने सांगितलं, मुलासाठी रस्त्याकडेला घेतलं, साधा पोपट आहे. मी म्हटलं, साधा नाही, ही तुई आहे, नर असला तर अजून दोन वर्षांनी डोकं जांभळं होईल. आणि मग मैनीची सगळी गोष्ट सांगितली, शेपटीपर्यंत. कायदा शेवटी सांगितला. कायदा आधी सांगितला असता तर त्यांनी पिंजरा मागच्या खोलीत लपवला असता आणि मला पुढच्या वेळी दार उघडलं नसतं. माझं काम विश्वासावर चालतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, “सिस्टर, आम्हाला त्रास होणार नाही ना?” आम्ही दोघांनी मिळून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला आणि पिल्लू त्यांच्या ताब्यात दिलं. लहान वयात, इतर पोपटांच्या सोबतीने, मोठ्या पिंजऱ्यात उडायला शिकवून सोडलं तर जगण्याची आशा असते. घरच्या घरी सोडून देण्यात नसते. मुलगा दोन दिवस रडला. मी त्याला रविवारी टाकीजवळच्या सावरीखाली नेलं. तीन तुया उतरल्या. तो म्हणाला, “शेपटीला पांढरं आहे.” त्याने न सांगता पाहिलं ते.

गावकीच्या बैठकीत होळीचा विषय काढायला मला फार धीर लागला. बायका तिथे फारशा बोलत नाहीत. पण अर्ध्या माणसांच्या पोरांना मी टोचलंय, तर ऐकून घेतलं. मी एवढंच मागितलं की ढोलीचं झाड होळीला घ्यायचं नाही. एक म्हातारे मानकरी म्हणाले, “होळी सावरीचीच पायजे, ताई.” मी म्हटलं, सावरीचीच घ्या, पण तरणी घ्या, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी पाच सावरी लावा. सावरीचं बी उशीच्या कापसातूनसुद्धा रुजतं, त्याला पैसे लागत नाहीत. बराच वाद झाला. कुणीतरी म्हणालं, पोपट भाताच्या लोंब्या तोडतात, बांधावरची तूर फोडतात, त्यांना कशाला वाचवायचं? हे खोटं नाही. लोंबी अर्धी खाऊन अर्धी टाकून देतात, माझ्या सासऱ्यांच्या शेतात मी बघितलंय. राखण करावी लागते, डबे वाजवावे लागतात. मी त्याला नुकसान होत नाही असं सांगितलं नाही. पिकाची राखण दोन महिने करायची, ढोली बारा महिने राहू द्यायची, असं म्हटलं. पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी ऐकलं. लावलेल्या रोपांपैकी निम्मी गुरांनी खाल्ली, चार जगली, त्यातलं एक माझ्या खांद्याच्या वर गेलंय.

यंदा शिमग्याच्या दहा दिवस आधी होळी आणणाऱ्या पोरांपैकी एकजण उपकेंद्रावर आला. पेशंट नव्हता. म्हणाला, “सिस्टर, ओढ्याजवळची बघून ठेवलीय. सरळ आहे. वर एक भोक आहे, पण जुनं वाटतं. तुम्ही बघून सांगा.”

मी दोन संध्याकाळी त्या सावरीखाली बसले. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. एक तांबट बाजूच्या फांदीवर टुकटुक करत राहिला, बस. मला वाटलं पोराचंच बरोबर असेल. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला डोंगराच्या बाजूने आवाज आला आणि एक नर वरच्या फांदीवर उतरला. उतरताना शेपटी पसरली, टोक पांढरंशुभ्र. तो सरकत सरकत भोकाजवळ आला आणि हलकेच बोलला. आतून राखाडी-निळं डोकं बाहेर आलं आणि त्याने तिला भरवलं.

अंधार पडेपर्यंत मी हलले नाही. मग पोराला फोन लावला.

“ही नको,” मी म्हटलं. “पलीकडची घ्या.”